देय आणि थकीत यांच्यामधले दिवस

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. रेल्वेतून निवृत्त झालेले. वाण्याची उधारीसुद्धा महिनाअखेरीची वाट न बघता चुकती करणारा माणूस. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ते सोसायटीचं पत्र हातात घेऊन माझ्या दारात उभे राहिले. पत्र इंग्रजीत, तीन ओळींचं. मधली ओळ अशी होती: ‘युअर ओव्हरड्यू आउटस्टँडिंग ड्यूज आर पेएबल इमिजिएटली.’ पत्रावर तारीख ११. रक्कम ४,२०० रुपये. बिल निघालं होतं १ तारखेला, आणि त्याच बिलाच्या तळाशी भरण्याची शेवटची तारीख २५ छापलेली होती. म्हणजे मुदत संपायला चौदा दिवस होते. काका आत येऊन बसलेही नाहीत. एवढंच म्हणाले, “मी थकवलंय असं यात लिहिलंय. काय थकवलंय ते मला दाखव.”

माझी तीस वर्षं हिशेबाच्या वह्यांत आणि वसुलीच्या पत्रांत गेली, म्हणून ते माझ्याकडे आले. मी सचिवांना विचारायला गेले. तरुण मुलगा, मनात काही वाईट नाही, संध्याकाळी नोकरीवरून आल्यावर सोसायटीचं काम करतो. तो म्हणाला, “ताई, पैसे भरायचे आहेत एवढाच अर्थ. ड्यू म्हणा, ओव्हरड्यू म्हणा, पेएबल म्हणा, सगळं एकच. पत्राला वजन यावं म्हणून तसं लिहितात.”

हे मत त्याचं एकट्याचं नाही. शाळेच्या फीची चिठ्ठी, क्लासचा मेसेज, पतपेढीची नोटीस, घरमालकाची पावती, कुठेही बघा. पैसे मागायची वेळ आली की आपण इंग्रजीचा आधार घेतो आणि त्या भाषेतले पाच-सहा भारदस्त शब्द एकमेकांच्या जागी बसवतो. शिकलेली माणसं या सवयीचं समर्थनही करतात. एक म्हणतो, हे सगळे समानार्थी शब्द आहेत, रक्कम आणि तारीख बरोबर असली की झालं. दुसरा म्हणतो, यांच्या अर्थांत बारीक फरक असतीलही, पण ते इंग्रजांच्या कायद्याचे फरक; मराठीत तेवढी सोय नाही, तेव्हा आपल्या माणसाकडून चूक होणारच. तिसरा, बहुधा वकील, म्हणतो की न्यायालय नाव बघत नाही, व्यवहाराचं स्वरूप बघतं, तेव्हा शब्दांवर वेळ का घालवायचा? ही तिन्ही मतं मला चुकीची वाटतात. तिसरं सर्वांत सबळ आहे, त्याला उत्तर द्यायला थोडा वेळ लागेल. पण आधी त्या एका ओळीतले चार शब्द सोडवून बघू.

घरासाठी २० लाखांचं कर्ज काढलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. हप्ता समजा १७,५०० रुपयांचा, दर महिन्याच्या ५ तारखेला. पहिल्या दिवसापासून त्याच्या नावावर जी संपूर्ण शिल्लक उभी आहे ती आउटस्टँडिंग. आपल्या भाषेत येणेबाकी. बँकेला येणं आहे, त्याला देणं आहे. या शब्दात ठपका नाही. वीस वर्षं एकही हप्ता न चुकवणाऱ्याच्या नावावरही शेवटचा हप्ता भरेपर्यंत येणेबाकी असतेच. ५ तारीख उजाडली की त्या महिन्याचा हप्ता ड्यू होतो, म्हणजे देय. यातही ठपका नाही, फक्त वेळ झाली आहे. ५ तारीख मावळली आणि पैसे आले नाहीत, तर ६ तारखेपासून तेवढाच हप्ता ओव्हरड्यू, म्हणजे थकीत. ठपका लागतो तो इथे, आणि तोही १७,५०० रुपयांपुरता. २० लाखांना नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत कर्ज अनुत्पादक ठरतं ते ओव्हरड्यू राहण्याला ९० दिवस उलटले म्हणजे. त्या नियमात ‘ओव्हरड्यू’च्या जागी ‘आउटस्टँडिंग’ घालून वाचा. देशातलं झाडून सगळं गृहकर्ज चौथ्या महिन्यात अनुत्पादक ठरेल. समानार्थी शब्दांची अदलाबदल केली तर वाक्य असं कोसळत नाही.

ड्यू हा शब्द मूळ फ्रेंचमधून आला. त्या भाषेतल्या ‘देणं लागणे’ या क्रियापदाचं ते भूतकाळवाचक रूप, आणि त्याच्या मागे लॅटिन धातू आहे. डेट आणि ड्यूटी हे शब्द त्याच कुळातले. कर्ज, कर्तव्य आणि देय एकाच मुळावर वाढले. पेएबल मात्र वेगळ्या गोष्टीकडे बोट दाखवतो: आत्ता, या कायद्याखाली, हे मागता येतं का? सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली केसोराम इंडस्ट्रीजच्या संपत्तिकराच्या खटल्यात ‘डेट’ची व्याख्या करताना हाच फरक धरला. देण्याचं बंधन आज अस्तित्वात असलं पाहिजे. पैसे हातावर ठेवायची तारीख पुढची असली तरी चालेल. म्हणजे देणं आजचं आणि फेड उद्याची असू शकते.

हा फरक पुस्तकी वाटत असेल तर १९७६ चा नवी दिल्ली नगरपालिका समिती विरुद्ध काळू राम हा निकाल बघावा. समितीने दिलेल्या जागेचं जुनं भाडं राहिलं होतं आणि दाव्याची मुदत उलटून गेली होती. समिती म्हणाली, दावा करता येत नसला तरी सार्वजनिक जागांच्या कायद्यात थेट वसुलीचा अधिकार आम्हाला दिला आहे. त्या कलमात शब्द होता ‘पेएबल’. न्यायालयाने म्हटलं, या जागी पेएबल म्हणजे कायद्याने वसूल करता येण्याजोगं. मुदतबाह्य भाडं तसं नाही. समिती हरली, ती एका शब्दावर. १९९९ मध्ये केरळच्या महसूल वसुली कायद्यातल्या ‘अमाउंट ड्यू’ या शब्दांबाबत न्यायालयाने असाच निर्णय दिला: मुदतबाह्य कर्ज त्यात येत नाही. मात्र मुदत उलटल्याने कर्ज मरत नाही, दावा करायचा मार्ग तेवढा बंद होतो, हेही आपल्या कायद्यात पक्कं आहे. म्हणजे एकच रक्कम सावकाराच्या वहीत येणं म्हणून जिवंत असते आणि वसुलीच्या कायद्यात देय नसते. दोन शब्द वेगळे ठेवले नाहीत तर ही स्थिती सांगताच येणार नाही.

आता काकांच्या पत्राकडे परत या. ११ तारखेला ते ४,२०० रुपये येणेबाकी होते. बिल निघालं होतं, म्हणून देय होते असंही म्हणता येईल. थकीत नव्हते. ‘इमिजिएटली’ तर बिलावरच्या २५ तारखेला सरळ खोटं पाडत होतं. आणि थकबाकीदार हा सहकारात नुसता टोमणा नाही. रीतसर मागणी होऊनही ठरल्या मुदतीत न भरणारा सभासद समितीच्या निवडणुकीला उभा राहू शकत नाही. त्याच्यावर वसुली दाखल्याची कारवाई होते. आदर्श उपविधींप्रमाणे त्याच्या रकमेवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लागतं. काकांचं काळीज त्या शब्दाने हललं ते उगाच नाही. त्यांना इंग्रजी येत होतं. सचिवापेक्षा बरं येत होतं.

दुसरं मत, मराठीत तेवढी सोय नाही, हे मला जास्त लागतं, कारण ते बोलणारे बहुतेक मराठीच असतात. वर मी येणेबाकी, देय, थकीत हे शब्द वापरले. एकही घडवावा लागला नाही. बाजारपेठेतल्या कुठल्याही जुन्या पेढीच्या खतावणीत ते सापडतील. पैसे घेण्या-देण्याचा व्यवहार या भाषेत शेकडो वर्षं लिहिला गेला आहे. रघुनाथ पंडितांनी शिवाजी महाराजांसाठी राज्यव्यवहारकोश रचला तेव्हा राज्यकारभाराचे शब्द ही काळजीपूर्वक करायची गोष्ट आहे एवढी जाण त्या काळी होती. चौथ आणि सरदेशमुखी बघा. दोन्ही एकाच मुलखाच्या वसुलातून घ्यायच्या, एक चौथाई आणि एक दशांश. शाळेत आपण त्या एका दमात पाठ करतो. पण १७१९ साली दिल्लीहून दोन्हींच्या सनदा वेगवेगळ्या आल्या, कारण हक्क वेगळे होते. सरदेशमुखी ही वतनाच्या नात्याने मागितलेली होती. रक्कम कशाच्या नात्याने मागतो आहोत हे नावातच सांगायचं, ही रीत आपल्याला परकी नव्हती.

दामदुप्पट हा शब्द तर उलट्या दिशेने गेला. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये, हा धर्मशास्त्राचा नियम मुंबई इलाख्यात हिंदू ऋणकोंना लागू होता. इंग्रज न्यायाधीशांना त्यासाठी त्यांच्या भाषेत शब्द मिळाला नाही. त्यांनी ‘दामदुपट’ असाच तो निकालांत लिहिला, आणि आजही कायद्याच्या इंग्रजी पुस्तकांत तो तसाच आहे.

आणि ‘पोटी’ हा एवढासा प्रत्यय घ्या. भाड्यापोटी, मुद्दलापोटी, व्याजापोटी. कुठल्या देण्याच्या खात्यात ही रक्कम धरायची, हे तो दोन अक्षरांत सांगतो. भारतीय करार कायद्याची ५९, ६० आणि ६१ ही तीन कलमं याच गोष्टीसाठी खर्ची पडली आहेत. एकाच माणसाला दोन-तीन देणी असतील आणि पैसे देताना त्याने ‘यापोटी’ असं सांगितलं, तर घेणाऱ्याने स्वीकारले की त्याच देण्यात धरायचे. त्याने सांगितलं नाही, आणि परिस्थितीवरूनही कळत नसेल, तर घेणारा आपल्या मर्जीने कुठेही धरू शकतो. कायदा म्हणतो, मुदतबाह्य झालेल्या देण्यातही. म्हणजे जे वसूल करायला न्यायालयात जाता आलं नसतं, ते एका शब्दाच्या अभावी घरबसल्या वसूल होतं. इंग्रजीत हे काम ‘टुवर्ड्‌स’ करतो. आपले लोक चेकसोबतच्या पत्रात ‘प्लीज फाइंड एन्क्लोज्ड द पेमेंट’ लिहितात आणि थांबतात. ज्या माणसाने ‘जानेवारीच्या भाड्यापोटी’ असं मनात म्हटलं असतं, त्याच्याकडून ‘टुवर्ड्‌स रेंट फॉर जॅन्युअरी’ सुटलं नसतं. मला जे सांगायचं आहे ते हेच. इंग्रजी चुकतं ते इंग्रजी कच्चं असल्यामुळे फार कमी वेळा. मराठीत नेमकं काय म्हणायचं आहे हे ठरवण्याआधीच आपण इंग्रजीत लिहायला बसतो, म्हणून ते चुकतं.

आता तिसरं मत. न्यायालय नाव बघत नाही, स्वरूप बघतं. यासाठी दाखला द्यायचा तर १९५४ चे दोन निकाल द्यावे लागतील, आणि ते माझ्या विरुद्ध पक्षाच्या बाजूचे आहेत हे मान्य करून मी ते देते. मद्रासच्या हिंदू धर्मादाय कायद्याखाली मठ-मंदिरांकडून वार्षिक रक्कम घेतली जाई; शिरूर मठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती कर ठरवली आणि रद्द केली. मुंबईच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही विश्वस्त संस्थांकडून रक्कम घेतली जाई. रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या प्रकरणात त्याच न्यायालयाने ती फी ठरवली आणि कायम ठेवली. दोन्ही कायद्यांत त्या रकमेला नाव एकच होतं: काँट्रिब्यूशन, अंशदान. फरक होता तो पैसा कुठे जातो यात. मद्रासमध्ये तो सरकारच्या एकत्रित निधीत जाऊन मिसळे. मुंबईत विश्वस्त संस्थांच्या देखरेखीसाठी वेगळा निधी होता आणि तो त्याच कामाला बांधलेला होता. कर म्हणजे सर्वांच्या गरजेसाठी सक्तीने घेतलेला पैसा, त्याच्या बदल्यात अमुक सेवा मिळेलच असं नाही. फी म्हणजे विशिष्ट सेवेचा मोबदला. पुढच्या निकालांनी सेवा आणि रक्कम यांचा तंतोतंत मेळ बसण्याची अट सैल केली, पण भेद गेला नाही. राज्यघटनेच्या २६५ व्या कलमानुसार कायद्याच्या आधाराशिवाय कर बसवता येत नाही आणि गोळाही करता येत नाही, म्हणून तो जाणं शक्यही नव्हतं.

तर न्यायालयाने नाव बाजूला ठेवून स्वरूप बघितलं, हे खरं. पण कधी? भोंगळ नावामुळे भांडण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर. ‘अंशदान’ हा शब्द कर आणि फी या दोन्हींना झाकत होता, म्हणून दोन राज्यांतल्या मठांना आणि ट्रस्टांना दिल्लीला जावं लागलं. न्यायालय स्वरूप शोधून काढतं म्हणून नाव कसंही ठेवावं, हे म्हणणं डॉक्टर आजार शोधून काढतो म्हणून पाणी कसलंही प्यावं असं म्हणण्यासारखं आहे. आणि सोसायटीचं पत्र, घरमालकाची पावती, क्लासचा मेसेज यांपैकी किती गोष्टी न्यायालयात जातात? तिथे शब्द वाचणारा माणूस एकटा असतो. त्याच्यासाठी नाव हेच स्वरूप असतं.

इसाराच्या बाबतीत हे मी फार वेळा पाहिलं आहे, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहिते. घर किंवा जमीन घ्यायची ठरली की आपल्याकडे आधी इसार देतात. गावाकडे विसार म्हणतात. इसारपावती होते, मग साठेखत, मग खरेदीखत. इसार म्हणजे ‘मी शब्द पाळीन’ याची खूण. व्यवहार पार पडला तर तो किमतीत वळता होतो. घेणाऱ्याने शब्द मोडला तर जातो. आगाऊ रक्कम वेगळी. ती किमतीचाच एक भाग, आधी दिलेला. तिच्यात शपथ नाही. अनामत त्याहून वेगळी. ती दुसऱ्याकडे ठेवायला दिलेली, काम संपलं की परत यायची. तीन शब्द, तीन वेगळी भवितव्यं. इंग्रजीतही अर्नेस्ट मनी, ॲडव्हान्स आणि डिपॉझिट असे तीन शब्द आहेत. पण आज फ्लॅट घेणारा माणूस म्हणतो ‘टोकन दिलं’, आणि एजंट पावतीवर लिहितो ‘रिसीव्ह्ड बुकिंग अमाउंट’. व्यवहार मोडला की दोघंही त्या पावतीकडे बघत बसतात. पैसे परत यायचे की जायचे, हे पावती सांगत नाही.

फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास हा १९६३ चा निकाल प्रत्येक वकील अभ्यासतो. दिल्लीतली जागा आणि तिच्यावरची इमारत १,१२,५०० रुपयांना विकायची ठरली. करार करताना १,००० रुपये इसार दिला, नंतर ताबा घेताना २४,००० आणखी दिले. व्यवहार फसला तर सगळे २५,००० जप्त, असं करारात होतं. व्यवहार फसला. न्यायालयाने १,००० रुपये विकणाऱ्याकडे राहू दिले. बाकीच्या २४,००० ना इसाराचं नाव लागू होत नाही, ती जप्ती म्हणजे दंड आहे, आणि करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे विकणाऱ्याला वाजवी भरपाईपलीकडे काही ठेवता येत नाही, असं ठरलं. इथेही न्यायालयाने स्वरूप बघितलंच. पण ते बघताना त्याने आधार कशाचा घेतला? पहिल्या हजार रुपयांना करारात स्पष्ट ‘अर्नेस्ट मनी’ म्हटलं होतं याचा. अचूक शब्दाने विकणाऱ्याचे हजार वाचवले; उरलेल्यांना तो शब्द मागाहून चिकटवता आला नाही. आज बिल्डरकडे घर नोंदवताना रेरा कायद्याच्या १३ व्या कलमाने नोंदणीकृत करार होण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त ‘ॲडव्हान्स’ किंवा अर्जाची फी घेता येत नाही. ज्याला आपण काय देतो आहोत हे ठाऊक नाही, त्याला हे संरक्षण मागताही येत नाही.

शब्द बदलल्याने खिशातला पैसा बदलतो याचा सर्वांत ताजा पुरावा रिझर्व्ह बँकेनेच दिला आहे. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने बँकांना सांगितलं की कर्जदाराने अटी मोडल्या तर लावायचा आकार ‘पीनल चार्जेस’ असेल, ‘पीनल इंटरेस्ट’ नसेल. वरवर बघता हा नुसता एका शब्दाचा बदल. पण व्याज म्हटलं की ते मुद्दलात मिळून त्यावर पुन्हा व्याज चढतं. आकार म्हटला की तो तिथेच थांबतो. त्याचं भांडवलीकरण करायचं नाही, त्यावर आणखी व्याज लावायचं नाही, असं परिपत्रकात स्पष्ट आहे. दंड हा शिस्तीसाठी आहे, कमाईसाठी नाही, हे सांगायला रिझर्व्ह बँकेला नामच बदलावं लागलं. ज्या सोसायट्या आणि पतपेढ्या आजही थकबाकीवर ‘पीनल इंटरेस्ट’ छापतात, त्यांना या परिपत्रकाचं बंधन असो वा नसो, आपण दंड घेतो आहोत की व्याज, हे त्यांनी एकदा ठरवायला हवं.

इथे एक दोष आपल्या पदरात घेतला पाहिजे. मराठीत सोय आहे हे मी ठासून सांगितलं, पण सरकारी मराठीने ती एका जागी बिघडवली आहे. परीक्षा शुल्क ही फी. मुद्रांक शुल्क हा मात्र कर. इंग्रजीत त्याला ड्यूटी म्हणतात. उत्पादन शुल्क हाही करच. तीन ठिकाणी ‘शुल्क’ हा एकच शब्द बसवल्याने, सेवेचा मोबदला आणि सक्तीचा कर यांतला जो भेद १९५४ साली दोन खटल्यांत घासून पुसून घ्यावा लागला, तो मराठी वाचकापुरता नाहीसा झाला. घरपट्टी, पाणीपट्टी, जकात, सारा हे शब्द जिथे होते तिथे माणसाला कळत होतं की कोण, कशावर, काय घेतंय. परिभाषा घडवताना ‘फी’ला फी राहू दिलं असतं तर काही बिघडलं नसतं, तो शब्द गावोगाव कळतो.

लिव्ह अँड लायसन्सच्या पावत्यांबद्दल एकच सांगते, कारण महाराष्ट्रात घराघरांत हा करार होतो. त्यात जे दरमहा दिलं जातं ते भाडं नाही, परवाना शुल्क आहे. भाडं म्हटलं की भाडेकरूचा हक्क आला. अकरा महिने संपून माणूस घर सोडत नसेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या २४ व्या कलमाने दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. त्या काळातल्या पैशांची पावती घरमालकाने सवयीने ‘रेंट’ म्हणून फाडली, की समोरच्या वकिलाच्या हाती त्याने स्वतः कागद दिला. नाव निकाल देत नाही, मान्य. पण पुरावा म्हणून ते समोर येतंच.

त्या दिवशी मी सचिवांबरोबर बसले आणि आम्ही आधी मराठीत वाक्य केलं: ‘१ तारखेच्या बिलापोटी आपणाकडून ४,२०० रुपये येणे आहेत, ते २५ तारखेअखेर भरावेत. त्यानंतर राहिलेली रक्कम थकीत धरून तीवर उपविधींप्रमाणे सरळ व्याज आकारले जाईल.’ मग त्याने स्वतःच ते इंग्रजीत केलं. ‘अ सम ऑफ रुपीज ४,२०० इज आउटस्टँडिंग टुवर्ड्‌स द बिल डेटेड द फर्स्ट, अँड इज ड्यू ऑन ऑर बिफोर द ट्वेंटी-फिफ्थ.’ ‘ओव्हरड्यू’ पुढच्या वाक्यात, २६ तारखेपासूनचा. ‘इमिजिएटली’ गेला. ‘ऑन ऑर बिफोर’ कशाला, नुसतं ‘बाय’ चालेल ना, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, २५ तारीख धरून की सोडून, हा वाद २५ तारखेलाच होतो; ‘अखेर’ या शब्दाने मराठीत तो मिटतो, म्हणून इंग्रजीतही मिटवू. त्याने फाईल जतन केली आणि जुना नमुना पुसून टाकला.

काकांना नवं पत्र गेलं, जुनं मागे घेतल्याची एक ओळ वर लिहून. त्यांनी २४ तारखेला चेक दिला. मागच्या बाजूला पेन्सिलने ‘ऑगस्ट बिलापोटी’ असं लिहिलं होतं. पावती घ्यायला ते स्वतः खाली उतरले, उभ्या उभ्या वाचली, आणि सचिवांना म्हणाले, “शेवटी ‘भरून पावलो’ लिहा.” त्याने लिहिलं.